हवाई जहाजासाठी बांधलेला हॉल आणि त्यातला समुद्रकिनारा

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये लटकणाऱ्या, बसमध्ये खिडकीची सीट मिळालेल्या आणि ऑफिसात काम करतोय असं दाखवत हे ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून टाकतेय. बोलताना जे पाल्हाळ लावलं होतं ते थोडं छाटलंय, सगळं नाही.

आज एका हॉलची गोष्ट. लग्नाचा हॉल नाही. हा हॉल ३६० मीटर लांब आहे, २१० मीटर रुंद आणि १०७ मीटर उंच. आणि आत एकही खांब नाही. नुसते आकडे ऐकून काही डोळ्यासमोर येत नाही, मला माहितीय. म्हणून असं बघा. विजापूरचा गोल घुमट साधारण ५१ मीटर उंच. असे दोन गोल घुमट एकावर एक ठेवले तरी वर हात-दोन हात नाही, चांगले पाच मीटर उरतील. पॅरिसचा आयफेल टॉवर आडवा निजवला तर निदान लांबीला तरी आत मावेल. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता चौथऱ्यासकट उभी राहील, आणि हातातली मशाल छताला लागणार नाही.

हा हॉल जर्मनीत आहे, बर्लिनच्या दक्षिणेला रेल्वेने तासाभरावर, ब्रँडेनबुर्ग राज्यातल्या पाइनच्या जंगलात. आत काय आहे? समुद्रकिनारा. वाळू, लगून, धबधबे, २७ मीटर उंचीचा घसरगुंडीचा मनोरा आणि जवळजवळ ५०,००० झाडांचं जंगल. बाहेर बर्फ पडत असला तरी आत हवा २६ अंश. लोक मुलंबाळं घेऊन येतात, आत तंबूत नाहीतर खोलीत मुक्काम करतात, दोन दिवस पाण्यात डुंबून परत जातात. नाव ‘ट्रॉपिकल आयलंड्स’.

आता तुम्ही म्हणाल, वॉटरपार्कचा कसला आलाय इतिहास? तर गंमत अशी की हा हॉल वॉटरपार्कसाठी बांधलाच नव्हता. बांधला होता आकाशात उडणाऱ्या एका महाकाय जहाजासाठी. ते जहाज कधी तयारच झालं नाही. आणि त्या जहाजासाठी ७०,००० पेक्षा जास्त लोकांनी आपले पैसे घातले होते.

पण आधी जमिनीबद्दल दोन मिनिटं.

हॉल उभा आहे ती जागा म्हणजे जुना लष्करी विमानतळ. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हिटलरच्या हवाई दलाने इथल्या जंगलात तो बांधायला घेतला. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य आलं, त्यांनी तो ताब्यात घेतला आणि पुढे वाढवला. हा भाग पूर्व जर्मनीत गेला. शीतयुद्धाची सगळी वर्षं इथून सोव्हिएत लढाऊ विमानं उडायची, आणि आजूबाजूच्या गावांना या कुंपणाच्या आत जायला बंदी. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली, १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, आणि १९९२ मध्ये रशियन सैनिक इथून निघून गेले. मागे राहिली धावपट्टी, विमानं लपवायची मातीने झाकलेली काँक्रीटची कोठारं, आणि काम नसलेली गावं.

हे ‘काम नसणं’ नीट समजून घ्या, त्याशिवाय पुढची गोष्ट वेडेपणाची वाटेल. एकीकरणानंतर पूर्वेकडचे सरकारी कारखाने धडाधड बंद पडले. आपल्याकडे गिरणी संपानंतर गिरणगावाचं जे झालं, ते इथे एका अख्ख्या देशाचं झालं असं समजा. चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी १९९० मध्ये आश्वासन दिलं होतं की पूर्वेकडचा प्रदेश लवकरच फुललेला दिसेल. प्रत्यक्षात तरुण पोरं बॅगा भरून पश्चिमेकडे निघाली होती. अशा वेळी कोणी येऊन म्हणालं, की आम्ही तुमच्या या ओसाड धावपट्टीवर जगातलं सगळ्यात मोठं हवाई जहाज बांधणार आहोत, तर राज्य सरकार काय म्हणेल? या, बसा, चहा घ्या, अनुदान किती देऊ?

हे म्हणणारी कंपनी होती कार्गोलिफ्टर. स्थापना १९९६. प्रमुख होते कार्ल फॉन गाब्लेन्त्स. आणि त्यांची मूळ कल्पना मला अजूनही भारी वाटते, उगाच नाही म्हणत.

माझं माहेर सातारा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या तेव्हा मी लहान होते. पवनचक्कीचं एक पातं घेऊन जाणारा ट्रेलर तुम्ही घाटात कधी पाहिला असेल तर पुढचं सांगायची गरजच नाही. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, वळणावर दहा माणसं हातवारे करतायत, कुठे झाडाची फांदी तोडायची, कुठे विजेची तार काठीने वर उचलायची, आणि मागे दोन किलोमीटर ट्रॅफिक हॉर्न वाजवतोय. अवजड सामानाची ही जगभरची अडचण आहे. टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, रिफायनरीचे टॉवर. कारखान्यात वस्तू अखंड बनवता येते, पण पूल आणि बोगदे तिला जाऊ देत नाहीत, म्हणून ती तुकड्यांत न्यायची आणि तिकडे जाऊन परत जोडायची.

कार्गोलिफ्टर म्हणाली, रस्ताच कशाला? वरून नेऊ. त्यांच्या जहाजाचं नाव सीएल १६०, कारण ते १६० टन वजन उचलणार होतं. लांबी २६० मीटर. तुलना करायची तर १९३७ मध्ये जळालेलं प्रसिद्ध ‘हिंडेनबुर्ग’ २४५ मीटरचं होतं. आत साडेपाच लाख घनमीटर हेलियम. शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व आठवा. एक घनमीटर हेलियम हवेत साधारण एक किलो वजन उचलतो. म्हणजे साडेपाच लाख घनमीटर हेलियम साधारण साडेपाचशे टन उचलणार. त्यातले १६० टन माल, उरलेल्यात जहाजाचा सांगाडा, इंजिनं, इंधन, माणसं. कागदावर हिशोब बसतो.

पण इथे एक खोच आहे, आणि इंजिनियर मंडळींनो, हीच खरी खोच. समजा जहाज १६० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन पोचलं. दोर सोडून तो खाली ठेवला. आता काय होणार? जहाज अचानक १६० टनांनी हलकं झालं. ते बुचासारखं वर उसळणार. विमानाला हा प्रश्न नसतो, ट्रकला नसतो, फक्त तरंगणाऱ्या वस्तूला असतो. म्हणजे माल उतरवताना तितक्याच वजनाचं काहीतरी लगेच वर घ्यायला हवं. कार्गोलिफ्टरचा उपाय होता पाणी. जहाज जमिनीला केबलने बांधून वर हवेत स्थिर ठेवायचं, एकीकडे माल खाली, दुसरीकडे १६० टन पाणी वर. आता विचार करा, जिथे रस्ता नाही म्हणून जहाज बोलावलं, तिथे ऐन वेळी १६ मोठे टँकर भरून पाणी कुठून आणायचं? अशक्य नाही, पण रस्त्याला पर्याय म्हणून आणलेली वस्तू पुन्हा रस्त्यावरच्या टँकरची वाट बघत उभी राहणार. माझ्या मते या एका प्रश्नापाशीच धंद्याचं गणित डळमळीत होतं. बाकीचे प्रश्न पैशाने सुटले असते.

पण जर्मन लोकांनी पैसे का दिले? त्यासाठी आपल्याला १९०८ सालात जावं लागेल.

४ ऑगस्ट १९०८. काउंट त्सेपेलिन, वय ७०, आपलं चौथं हवाई जहाज घेऊन २४ तासांच्या चाचणीवर निघालेत. हे पार पडलं तर सरकार जहाज विकत घेणार. वाटेत इंजिन कुरकुरलं म्हणून श्टुटगार्टजवळ एश्टरडिंगेन नावाच्या गावी उतरावं लागलं. बघायला हजारोंची गर्दी जमली. तेवढ्यात वादळ आलं, जहाज दोर तोडून उडालं आणि पेटून खाक झालं. म्हाताऱ्याचा खेळ खलास, असं कोणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. देशभरातून लोकांनी आपण होऊन पैसे पाठवायला सुरुवात केली. श्रीमंतांनी पाठवले, तसे शाळेतल्या पोरांनीही पाठवले. ६० लाख मार्कपेक्षा जास्त रक्कम जमली. क्राउडफंडिंग हा शब्द जन्मायच्या शंभर वर्षं आधीची गोष्ट आहे ही! त्याच पैशातून त्सेपेलिनची कंपनी उभी राहिली, तिचीच पुढची जहाजं अटलांटिक पार करू लागली. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला हिंडेनबुर्ग जळालं, ३६ माणसं गेली, आणि तो काळ संपला. हिंडेनबुर्गमध्ये हायड्रोजन होता. सुरक्षित हेलियम अमेरिकेकडे होता, पण ती तो बाहेर द्यायला तयार नव्हती.

तर हवाई जहाज म्हटलं की जर्मन माणसाच्या मनात हे सगळं असतं. थोडा अभिमान, थोडी हळहळ. आपल्याकडे आरमार म्हटलं की जसं होतं तसं. कार्गोलिफ्टरने शेअर विकायला काढले तेव्हा ते घेणारे बहुतेक मोठे फंड नव्हते. साधी माणसं होती. निवृत्त इंजिनियर, शिक्षक, दुकानदार. आठवडाअखेरीला लोक सहकुटुंब हॉलचं बांधकाम बघायला यायचे. नोव्हेंबर २००० मध्ये हॉल पूर्ण झाला. खर्च साधारण ७ कोटी ८० लाख युरो. त्याच वर्षी ३० मे रोजी कंपनी शेअर बाजारात उतरली होती. तारीख लक्षात घ्या. डॉटकॉमचा फुगा त्याच मार्चमध्ये फुटायला लागला होता.

हॉल तयार, जहाज कुठाय? जहाज कागदावर. आठपट लहान, ३२ मीटरचं एक चाचणी जहाज १९९९ मध्ये उडालं होतं, त्याचं नाव ‘जोई’. नंतर कंपनीने एक मोठा गोल फुगा बनवला, ७५ टन उचलणारा, म्हणजे निदान काहीतरी विकता येईल. पण मोठं जहाज डिझाइनच्या टप्प्यातून बाहेरच येईना, पैसे मात्र दर महिन्याला जळत होते. स्टार्टअपमध्ये काम केलेल्यांना हा प्रकार परिचित असेल. प्रॉडक्टच्या आधी ऑफिस. इथे ऑफिस १०७ मीटर उंच होतं, एवढाच फरक.

जून २००२ मध्ये कार्गोलिफ्टरने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि पुढच्याच महिन्यात, जुलैमध्ये, वादळ आलं आणि बाहेर बांधलेला तो मोठा फुगा फाडून गेलं. एश्टरडिंगेनलाही वादळच आलं होतं. पण या वेळी कोणी ६० लाख गोळा केले नाहीत. ७०,००० लोकांचे शेअर म्हणजे रद्दी झाले.

ब्रँडेनबुर्गचं तर त्या दोन वर्षांत ग्रहमानच फिरलं होतं. लाउझित्सरिंग नावाचा मोटार शर्यतीचा ट्रॅक २००० मध्ये थाटात सुरू झाला, २००२ मध्ये तो चालवणारी कंपनी बुडाली. फ्रांकफुर्ट आन डेर ओडर शहरात, म्हणजे पोलंडच्या सीमेवरच्या फ्रांकफुर्टमध्ये, विमानतळवाल्या नाही, संगणकाच्या चिपचा कारखाना यायचा होता. २००३ मध्ये तोही गुंडाळला. तिन्हींत सरकारचा पैसा होता. वर्तमानपत्रांना रोज मेजवानी.

आता प्रश्न असा की ३६० मीटर लांबीच्या रिकाम्या हॉलचं करायचं काय? पाडायचा तर खर्च. ठेवायचा तर डागडुजी. गोदाम करायचं म्हटलं तर एवढ्या उंच गोदामात ठेवणार काय?

इथे गोष्टीत पाणी शिरतं.

छताखाली वॉटरपार्क ही कल्पना तोवर नवी राहिली नव्हती. कॅनडात एडमंटनच्या प्रचंड मॉलमध्ये १९८६ पासून लाटांचा तलाव होता, कारण एडमंटनच्या जानेवारीत बाहेर पोहायला जाणारा माणूस परत येत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन डेल्स नावाचं एक छोटं पर्यटनगाव आहे. उन्हाळ्यात तुडुंब, हिवाळ्यात शुकशुकाट. तिथल्या पॉलिनेशियन नावाच्या हॉटेलने १९९४ मध्ये आपली पाण्यातली खेळणी छताखाली आणली, आणि हिवाळ्यातल्या रिकाम्या खोल्या भरायला लागल्या. मग तिथे रांगच लागली. आज ‘ग्रेट वुल्फ लॉज’ म्हणून ओळखली जाणारी साखळी तिथे १९९७ मध्ये सुरू झाली, तेव्हा नाव ‘ब्लॅक वुल्फ लॉज’ होतं. २००० मध्ये ‘कलाहारी’ आलं. या लोकांनी ओळखलेली गोष्ट साधी होती: पाणी हे गिऱ्हाइकाला बोलावण्याचं साधन, कमाई खोलीच्या भाड्यात. घसरगुंडीचं तिकीट विकून नाही भागत. आई-वडील दोघं नोकरी करणारी, सुट्टी दोनच दिवस, गाडीने तीन तासांत पोचता येईल असं ठिकाण, पाऊस-बर्फाची चिंता नाही. कुटुंबाला एक रात्र अडकवली की जेवण, नाश्ता, खेळणी, सगळं आलं.

जाता जाता एक माहिती. बंदिस्त स्विमिंग पूलमध्ये गेल्यावर जो उग्र वास येतो, तो आपण क्लोरीनचा समजतो आणि म्हणतो, वा, पाणी स्वच्छ दिसतंय. खरं तर तो क्लोरीन घामाशी आणि, सॉरी, लघवीशी मिसळून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा वास असतो. वास जास्त म्हणजे हवा खेळती नाही आणि पाण्यात माणसांचा मसाला जास्त. छताखालच्या वॉटरपार्कचं निम्मं इंजिनियरिंग पाण्याचं नसतंच, हवेचं असतं.

सगळ्यांचंच जमलं असं नाही. जपानमध्ये मियाझाकीला १९९३ मध्ये ओशन डोम उघडला. ३०० मीटर लांब, १०० मीटर रुंद, उघडझाप होणारं छप्पर, संगमरवराच्या चुऱ्याची वाळू. आणि खरा समुद्र? चालत जाता येईल एवढ्या अंतरावर! जपानची फुगलेली अर्थव्यवस्था तोवर बसली होती. ज्या रिसॉर्टचा तो भाग होता ते २००१ मध्ये दिवाळखोरीत गेलं, डोम २००७ मध्ये बंद झाला आणि २०१७ मध्ये पाडला.

म्हणजे २००३ मध्ये ब्रँडेनबुर्गच्या जंगलात वॉटरपार्क काढणं हा काही हमखास फायद्याचा धंदा नव्हता. पण कॉलिन आऊ नावाचे गृहस्थ आले. आधी ‘स्टार क्रूझेस’ या आशियातल्या जहाज कंपनीचे प्रमुख. क्रूझच्या धंद्यातला माणूस म्हणजे हजारो लोकांना एका बंद पेटाऱ्यात ठेवून त्यांना सुट्टीवर आहोत असं वाटायला लावणं, हा त्याच्या हातचा मळ. त्यांचा साधा हिशोब असा की जर्मन माणूस उन्हासाठी थायलंडपर्यंत उडत जातो, मग थायलंडच बर्लिनजवळ आणलं तर? मलेशियाची तान्जोंग ही कंपनी भांडवल घेऊन आली. हॉल आणि जमीन मिळून सौदा झाला १ कोटी ७५ लाख युरोला. बांधायला किती लागले होते? ७ कोटी ८० लाख. म्हणजे पाव किमतीच्या आत.

१९ डिसेंबर २००४ रोजी दारं उघडली. सुरुवातीची वर्षं तोट्याची होती. एक मोठी अडचण तर फारच मूलभूत होती. हॉल जहाजासाठी बांधलेला. जहाजाला ऊन लागत नाही, त्यामुळे छत अपारदर्शक. पण झाडांना ऊन लागतं, आणि किनाऱ्यावर पडलेल्या जर्मनांना तर झाडांपेक्षा जास्त लागतं. मग दक्षिणेकडच्या बाजूचं जवळजवळ २०,००० चौरस मीटर आवरण काढून तिथे ईटीएफई नावाचं पारदर्शक प्लास्टिक बसवलं. म्युनिकचं अलियान्झ अरेना स्टेडियम याच प्लास्टिकचं आहे. काच सूर्याची बरीच अतिनील किरणं अडवते, हे प्लास्टिक ती आत येऊ देतं. म्हणजे छताखाली बसूनसुद्धा त्वचा रापते. आपल्याला यात काय मजा ते कळणार नाही. माझ्या आईला तर नाहीच कळलं.

हो, आम्ही गेलो होतो. मी बर्लिनला नोकरी करते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबा, दादा-वहिनी आणि माझी सहा वर्षांची भाची आली होती. नोव्हेंबरात बर्लिनमध्ये चार वाजता अंधार, बाहेर चार अंश. भाची दोन दिवसांत कंटाळली आणि म्हणायला लागली, “आत्या, तुझ्या देशात सूर्य नाहीये का?” मग एक रात्र तिकडे मुक्काम ठरवला. आत गेल्यावर मनगटावर चिपचा पट्टा बांधतात. खाणंपिणं, लॉकर, सगळं त्याच्यावर, पैसे बाहेर पडताना. सॉफ्टवेअरच्या नजरेने सांगते, पैसे खर्च होताना कळू नये यासाठी याच्याइतकी सुंदर रचना मी पाहिली नाही. पाकीट हातात नाही म्हणजे दुखतच नाही. दादाने आइस्क्रीमचे किती पट्टे टेकवले ते त्याला निघताना काउंटरवर कळलं.

आईने एक सलवार-कमीजसारखा पूर्ण पोहण्याचा पोशाख आणला होता, तो घालून ती लगूनमध्ये गुडघाभर पाण्यात दोन तास मजेत बसली. नंतर पाय मोकळे करायला म्हणून निघाली आणि सौनाच्या दारापर्यंत पोचली. तिथे पाटी होती, त्यातलं चित्र बघून ती लगबगीने परत आली आणि वहिनीला म्हणाली, “अगं, इथे कपडे घालून यायला बंदी आहे!” जर्मन सौनात तसंच असतं. पुढचे दोन दिवस तिने सौना हा शब्द काढला नाही.

पण मला सांगायचंय ते बाबांबद्दल. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. ते पाण्यात उतरलेच नाहीत. किनाऱ्यावरच्या खुर्चीत बसून वर बघत होते. पाच मोठ्या पोलादी कमानी आहेत, त्यांवर सगळा डोलारा. तासाभराने म्हणाले, “ही शेड कशाची होती गं? पोहायला कोण एवढी उंच शेड बांधतं?” वर्कशॉपमधला माणूस, त्याला बरोबर खटकलं. मी सगळी गोष्ट सांगितली, आत्ता तुम्हाला सांगितली तशी. जहाजाचं ऐकून मान हलवत होते. ७०,००० लोकांचे पैसे बुडाले म्हटल्यावर गप्प झाले.

आमच्या घरात एक कागद आहे. नव्वदच्या दशकात सागवान लागवडीच्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं, तुमच्याही घरात कोणीतरी त्यात पैसे घातले असतील. आज दहा हजार द्या, वीस वर्षांनी झाडं तोडली की लाखो मिळतील. सेबीने १९९९ मध्ये या योजनांसाठी नियम आणले, तोवर अनेक कंपन्या दाराला कुलूप लावून गेल्या होत्या. बाबांचे दहा हजार त्यातल्याच एकीत होते. आईच्या बांगड्यांसाठी साठवलेले. त्या कागदावर हिरव्या शाईत झाडाचं चित्र आहे. बाबांनी तो फाडला नाही, कपाटात आहे अजून.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, “यांचं निदान शेड तरी उभी आहे. येऊन बघता तरी येतं, यात आपले पैसे आहेत म्हणून.” मग हसले, आणि भाचीला कडेवर घेऊन धबधबा दाखवायला गेले. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य राहिलं, कारण मी या विषयावर आधी जे काही वाचलं होतं त्यात एकतर ‘बघा कसे फसले’ असा सूर होता, नाहीतर ‘बघा कसा कचऱ्यातून सोनं काढलं’ असा. ज्यांचे पैसे गेले त्यांना तिकीट काढूनच आत यावं लागतं, हे त्या दोन्हींत बसत नाही.

रात्री आम्ही तंबूत झोपलो. झोपलो म्हणजे पडलो. हॉलमध्ये पूर्ण अंधार होत नाही, पाण्याचा आवाज थांबत नाही, शेजारच्या तंबूतलं बाळ रडत होतं. पहाटे छताच्या त्या पारदर्शक बाजूतून राखाडी उजेड आला, बाहेर पाऊस होता आणि प्लास्टिकवर थेंब वाजत होते. एवढ्या मोठ्या जागेतला पावसाचा आवाज लांबून टाळ्या वाजल्यासारखा येतो.

माझं मत विचाराल, तर कार्गोलिफ्टरला मी ठग म्हणणार नाही. त्यांनी हॉल खरंच बांधला, चाचणी जहाज खरंच उडवलं. पण न बनलेल्या जहाजाचे शेअर शिक्षक आणि पेन्शनरांना विकताना जोखीम किती मोठ्या अक्षरांत लिहायची, हा प्रश्न त्यांना विचारायलाच हवा. राज्य सरकारलाही. सरकारने आधी जहाजाला मदत केली, मग त्याच हॉलमधल्या वॉटरपार्कलाही अनुदान दिलं, आणि त्यावरूनही बराच गदारोळ झाला. पण आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना नोकऱ्या मिळाल्या त्या दुसऱ्या खेपेला. जहाजाने आकाश दाखवलं, पगार मात्र घसरगुंडीने दिला.

पुढचं थोडक्यात. २०१६ मध्ये बाहेरच्या बाजूलाही पाण्याचा परिसर उघडला. २०१८ च्या शेवटी ‘पार्केस रेउनिदोस’ या स्पॅनिश कंपनीने हे सगळं विकत घ्यायचं जाहीर केलं, किंमत २२ कोटी ६० लाख युरो. १ कोटी ७५ लाखांचा आकडा आठवतोय ना?

तुमच्यापैकी कोणी जर्मनीत असाल आणि जायचं ठरवलंत, तर कारने न जाता रेल्वेने जा. स्टेशनचं मूळ नाव नुसतं ब्रँड होतं, आता पाटीवर ‘ब्रँड ट्रॉपिकल आयलंड्स’ आहे. तिथून रिसॉर्टची मोफत बस मिळते. बसमध्ये खिडकीशी बसा. झाडांमधून हॉल दिसायच्या आधी रस्त्याच्या कडेला गवताने झाकलेले मोठे उंचवटे दिसतात. ती सोव्हिएत विमानांची कोठारं. बसमधलं कोणीच तिकडे बघत नसतं, पोरांना घसरगुंडीची घाई असते.

पुढच्या भागात भेटू. तुमच्या घरात सागवानाचा असा कागद असेल, तर फोटो पाठवा. नाव झाकून.